कचेरीतील उठबस

'बसणे' या साध्या क्रियापदास मराठी भाषेने किती परस्परविरुद्ध अर्थ बहाल केले आहेत, हे पाहिले म्हणजे मोठी मौज वाटते. राजा गादीवर बसतो, यजमान पूजेला बसतो, विद्यार्थी परीक्षेस बसतो. या साऱ्यांत मान आहे. पण धंदा बसतो, आवाज बसतो, पावसाळ्यात जुनी भिंत बसते, तेव्हा तेच क्रियापद नाशाचे होते. आयते बसून खाणारा मनुष्य कुटुंबात निंदेस पात्र ठरतो. परंतु बैठी नोकरी करणारा मुलगा वधूपित्याच्या दृष्टीने आजही चांगल्या स्थळांत मोडतो. या दोन टोकांच्या मध्ये आपल्या भाषेने एक समंजस जोडशब्द ठेवून दिला आहे, तो म्हणजे 'उठबस'. पाहुण्यांची उठबस म्हणजे त्यांचे आदरातिथ्य, त्यांची योग्य काळजी. ज्या देहाच्या आधारावर आपण चाकरी करितो, संसार करितो, त्या देहाचीही अशीच काही उठबस आपण करतो किंवा नाही, हा प्रश्न आज आम्ही वाचकांपुढे ठेवणार आहो. त्या शब्दात उठणे आधी येते व बसणे मागून येते, एवढे मात्र प्रथमच लक्षात घ्यावे.

आपल्या उपनगरांतील एखाद्या नोकरदार गृहस्थाचा दिवस हिशेबास घेऊ. न्याहारीस पाव तास. घरापासून स्टेशनपर्यंत रिक्षेत पाव तास. लोकलमध्ये दैव अनुकूल असेल तर बसून पाऊण तास. कचेरीत आठ तास. परतीच्या गाडीत पुन्हा पाऊण तास. रात्रीच्या भोजनास पाव तास. आणि नंतर दूरचित्रवाणीपुढे किंवा हातातील मोबाइलपुढे दोन तास. एकूण बेरीज सव्वाबारा तास होते. झोपेचे सात तास वेगळे काढले, तर दिवसाच्या चोवीस तासांपैकी हा गृहस्थ आपल्या पायांवर असतो तो जेमतेम पावणेपाच तास. आणि त्यांतीलही बराच काळ फलाटावर खोळंबून उभे राहण्यात जातो. गाडीत जागा न मिळाल्यास बोरिवली ते चर्चगेट हे सुमारे ३४ किलोमीटरांचे अंतर तो उभ्याने कापतो हे खरे; पण गर्दीत चोहोबाजूंनी दाबले जाऊन उभे राहणे म्हणजे हालचाल नव्हे. उलट त्या उभे राहण्याचा एक दुष्परिणाम असा होतो की, कचेरीतील खुर्ची त्यास श्रमाचे फळ वाटू लागते. एकदा बसला की दुपारपर्यंत उठावेसे वाटत नाही. या भावनेस आम्ही आळस म्हणणार नाही. थकलेल्या माणसाची ती स्वाभाविक इच्छा आहे. परंतु स्वाभाविक इच्छा नेहमीच हितकर असते असे नाही.

ही स्थिती एका पिढीत आली असेही नाही. मुलुंड, भांडुप, घाटकोपर या पट्ट्यात लालबहादूर शास्त्री मार्गाच्या दोन्ही बाजूंस एके काळी कारखान्यांची रांग होती. भोंग्याच्या वेळेवर घरोघरची घड्याळे लावली जात. त्यांतील कित्येक जागी आज उंच इमारती, बाजारपेठा व कचेऱ्या उभ्या आहेत. अंधेरीस १९७३ साली 'सीप्झ' हे निर्यातक्षेत्र स्थापन झाले. प्रथम विद्युत्-उपकरणांची जुळणी, मग हिरे व दागिन्यांची घडाई, आणि पुढे संगणकाची कामे, असा त्याचा विस्तार होत गेला. ही तिन्ही कामे एकमेकांहून किती भिन्न! तथापि तिन्हींत एक गोष्ट समान आहे. ती ही की, हात व डोळे चालतात आणि कमरेखालचे शरीर दिवसभर स्वस्थ असते. यंत्राशी उभे राहणाऱ्या कामगाराच्या जागी पडद्यासमोर बसणारा कर्मचारी आला, त्याचे वेतन वाढले, प्रतिष्ठा वाढली. मात्र त्याच्या पायांना दिवसभर काम उरले नाही.

आता हे बसणे खरोखरच अपायकारक आहे काय, की ही डॉक्टर मंडळींची नवी हूल आहे, असा प्रश्न कोणी सुज्ञ वाचक विचारील. त्यास उत्तर म्हणून लंडन शहरातील एक जुने उदाहरण देतो, कारण ते मुंबईकरास चटकन समजण्याजोगे आहे. जेरी मॉरिस या वैद्यकशास्त्रज्ञाने व त्याच्या सहकाऱ्यांनी लंडनच्या वाहतूकखात्यातील सुमारे ३१,००० पुरुष कामगारांच्या हृदयविकाराचा अभ्यास करून १९५३ साली तो 'लॅन्सेट' या वैद्यकीय पत्रात प्रसिद्ध केला. त्यात दुमजली बसचे चालक व त्याच बसचे कंडक्टर यांची तुलना होती. दोघांचे खाते एक, रस्ते एक. मात्र चालक दिवसभर आसनाशी खिळलेला, तर कंडक्टर तिकिटे देत रोज पाचसहाशे पायऱ्या चढणारा-उतरणारा. चालकांमध्ये हृदयविकाराचे प्रमाण अधिक आढळले, व कंडक्टरांना तो झाला तरी सामान्यतः उशिरा व सौम्य रूपात झाला. टपालखात्यातही हाच प्रकार दिसला. घरोघर पत्रे पोचविणारे पोस्टमन बैठ्या कारकुनांपेक्षा सुरक्षित होते.

दुमजली बस मुंबईस १९३७ साली आली. आणि जुन्या डिझेलच्या दुमजली बसचा अखेरचा फेरा १५ सप्टेंबर २०२३ रोजी झाला, तो आपल्या अंधेरी पूर्वेतच, आगरकर चौक ते सीप्झ या ४१५ क्रमांकाच्या मार्गावर. ज्या वाहनाच्या जिन्याने बसून राहण्याचा धोका जगास प्रथम आकड्यांनिशी दाखविला, त्या जातीच्या वाहनाने आपल्याकडील शेवटचे उतारू बैठ्या कामांच्या या मोठ्या आगरातच उतरवावेत, हा योगायोग आम्हांस विचार करण्याजोगा वाटला.

मॉरिसच्या प्रामाणिकपणाबद्दलही दोन शब्द लिहिले पाहिजेत. कदाचित जाडी माणसेच मुळात चालकाचे काम पत्करीत असतील व रोगाचे मूळ तेथे असेल, अशी शंका त्याने स्वतःच घेतली. मग गणवेशाच्या विजारींची मापे तपासली, व चालकांच्या कमरेची मापे खरोखरच मोठी असल्याचे १९५६ साली जाहीर केले. म्हणजे सारा दोष आसनाच्या माथी मारता येत नाही, हे त्याने झाकून ठेविले नाही. परंतु त्यानंतरच्या सत्तर वर्षांत निरनिराळ्या देशांत निरनिराळ्या पद्धतींनी जे अभ्यास झाले, त्यांचा कल त्याच दिशेस आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली दिलेल्या सूचनांत प्रौढ माणसाने आठवड्यास १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा, इतके सांगून शिवाय बसून राहण्याचा काळ कमी करावा, असे स्वतंत्रपणे नमूद केले आहे.

आपल्या पूर्वजांस ही गोष्ट ठाऊक नव्हती असे नाही. चरकसंहितेत प्रमेहाची कारणे सांगताना 'आस्यासुख', म्हणजे सुखाने बसून राहणे, हे दही, दूध, नवे धान्य आणि गुळाचे पदार्थ यांच्याही आधी सांगितले आहे. आपण मात्र त्या यादीतील गूळसाखरेवर तेवढे लक्ष ठेविले. घरात कोणास मधुमेह झाला की चहातील साखर बंद होते, पण खुर्ची बंद होत नाही. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या व २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार आपल्या देशात मधुमेही माणसे सुमारे १० कोटी १० लक्ष आहेत, आणि त्या रोगाच्या उंबरठ्यावर असलेली आणखी १३ कोटी ६० लक्ष आहेत. हा आकडा वाचून कोणाही एकत्र कुटुंबाने आपल्या पंगतीकडे एकवार पाहावे. तो आकडा आपल्याच घरात पानावर बसलेला दिसण्याचा संभव फार आहे.

बसण्याने होते काय, हे समजून घेणे कठीण नाही. मांड्या व पोटऱ्या यांचे स्नायू हे शरीरातील सर्वांत मोठ्या स्नायूंपैकी होत. ते आकुंचन पावतात तेव्हा रक्तातील साखर शोषून घेतात, आणि पोटरीच्या प्रत्येक दाबासरशी पायांतील रक्त वर हृदयाकडे ढकलले जाते. मनुष्य खुर्चीत स्थिर झाला की ही दोन्ही कामे मंदावतात. जेवणानंतर रक्तात आलेली साखर अधिक वेळ तेथेच घुटमळते, पाय जड होतात, पाठीचा कणा वाकतो. जुने कारकून भारतीय बैठकीवर, पुढे उतरते मेज घेऊन बसत. ते बसणेही दीर्घच असे. तथापि जमिनीवरून उठताना व पुन्हा बसताना त्यांच्या गुडघ्यांस व मांड्यांस काही तरी श्रम होत. चाकांच्या खुर्चीने तेवढेही श्रम वाचविले. आता मनुष्य कपाटापर्यंतसुद्धा घरंगळत जातो.

मग सर्वांनी दिवसभर उभे राहून काम करावे काय? तसे मुळीच नाही. नुसते स्थिर उभे राहिल्याने शरीरास होणारा श्रम बसण्यापेक्षा अगदीच थोडा अधिक असतो, आणि तासन्‌तास उभे राहणाऱ्यांच्या पायांच्या शिरा फुगतात, पाठ व टाचा दुखतात. केरळात कोझिकोड येथील कापडदुकानांतून काम करणाऱ्या स्त्रियांनी 'आम्हांस बसण्याचा हक्क द्या' म्हणून चळवळ केली, व त्या राज्याने २०१८ साली आणि तामिळनाडूने २०२१ साली विक्रेत्यांच्या बसण्याची सोय दुकानदारांवर कायद्याने बंधनकारक केली. एकास उठण्याचा उपदेश करावा लागतो आणि दुसरीस बसण्यासाठी कायदा मागावा लागतो, हे एकाच समाजाचे चित्र आहे. दोघांचेही दुःख एकच. त्यांस आपल्या शरीराची स्थिती आपल्या इच्छेने बदलता येत नाही. तेव्हा औषध उभे राहण्यात नाही व बसण्यातही नाही. ते उठबशीत आहे.

ह्या औषधाची मात्रा किती, तेही पाहू. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २०१२ साली असे दाखविले की, दर वीस मिनिटांनी उठून दोन मिनिटे हळू चालले तरी जेवणानंतरची रक्तशर्करा अखंड बसण्यापेक्षा पुष्कळच कमी चढते. आयर्लंडमधील अभ्यासकांनी २०२२ साली अशा अनेक प्रयोगांचा आढावा घेऊन सांगितले की, जेवणानंतर दोन ते पाच मिनिटांचे सावकाश चालणेही नुसत्या उभे राहण्यापेक्षा अधिक गुणकारी आहे. हे वाचल्यावर आमच्या घरांतील वडीलधाऱ्यांस हसू आल्यावाचून राहणार नाही, कारण आपण त्यास शतपावली म्हणतो! शंभर पावलांस फार तर एक मिनिट लागते. दोन फेऱ्या घातल्या की परदेशी पंडितांची मात्रा पुरी झाली. खेदाची गोष्ट इतकीच की, शतपावली आपण रात्रीच्या जेवणास बांधून टाकली आणि दुपारचा डबा संगणकाच्या पुढ्यातच उघडू लागलो.

येथे एक आक्षेप संभवतो. 'आम्ही पहाटे उठून बारा सूर्यनमस्कार घालतो. मग दिवसभर बसलो तर काय बिघडले?' औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कारांचा प्रसार ज्या निष्ठेने केला, त्याबद्दल आम्हांस आदरच आहे, व नमस्कार घालणाऱ्याने ते कदापि सोडू नयेत. परंतु २०१६ साली दहा लाखांहून अधिक लोकांच्या माहितीवरून जे अनुमान निघाले, ते असे की दिवसास आठ तासांहून अधिक बसण्याचा तोटा भरून काढण्यास रोज साठ ते पंचाहत्तर मिनिटे मध्यम व्यायाम लागतो. मुलुंडहून किंवा बोरिवलीहून रोज जाऊन-येऊन इतका वेळ कितीकांस काढता येतो? ज्यांस येतो ते धन्य होत. बाकीच्यांनी सकाळचा व्यायाम यथाशक्ति ठेवून दिवसाचे बसणे मध्ये मध्ये मोडावे, हाच व्यवहारी मार्ग.

परंतु हे सारे एकट्या कर्मचाऱ्याच्या हाती नाही, हे मालकवर्गाने व वरिष्ठांनी ओळखले पाहिजे. आमच्या ओळखीच्या पुष्कळ तरुणांची अडचण अशी की, खुर्ची रिकामी दिसली म्हणजे मनुष्य कामचुकार, असा समज कचेऱ्यांतून अजून दृढ आहे. पूर्वी चतुर कारकून खुर्चीच्या पाठीवर कोट टांगून बाहेर जात. आता संगणकच चुगली करितो, आणि काही मिनिटे बोटे हलली नाहीत तर 'जागेवर नाही' असा शेरा झळकतो. अशा ठिकाणी आरोग्याचे व्याख्यान ठेवण्यात काय अर्थ? वरिष्ठाने स्वतः उठावे, म्हणजे कनिष्ठांस उठण्याचे धैर्य येते. केंद्र सरकारच्या आयुष मंत्रालयाने सप्टेंबर २०२१ मध्ये कचेऱ्यांसाठी पाच मिनिटांचा 'वाय-ब्रेक' हा योगविराम प्रसृत केला, व केंद्रीय कार्यालयांस त्याचा अंगीकार करण्याची सूचना देण्यात आली. योगविद्येस गुहेतून गृहस्थाच्या घरी आणण्याचा प्रयत्न तर आपल्या उपनगरांत शंभर वर्षांपूर्वीच झालेला आहे. श्रीयोगेंद्रांनी २५ डिसेंबर १९१८ रोजी 'योग इन्स्टिट्यूट' स्थापिली, ती वेसावे येथे. आज ती संस्था सांताक्रूझला आहे. इतकी जवळची परंपरा असता आपल्या कचेऱ्यांनी पाच मिनिटांबद्दल कुरकुर करावी, हे शोभत नाही.

'असे दर तासाला सर्वजण उठू लागले तर काम बुडेल' हा मालकांचा आक्षेप आम्ही ऐकला आहे. हिशेबच करावयाचा तर तासास दोन मिनिटे म्हणजे आठ तासांत सोळा मिनिटे. दुपारी तीन वाजता जांभया देत, एकच कागद तीनदा वाचण्यात यापेक्षा अधिक वेळ बुडतो, हे कोणीही कारकून खाजगीत कबूल करील. शिवाय अनुभवी माणूस चाळिशीत आजारी पडून महिनाभर घरी राहिला, तर त्याची किंमत कोणत्या खात्यात लिहावयाची?

उपाय खर्चाचे नाहीत. पिण्याच्या पाण्याची बाटली मेजावर न ठेवता पेला ठेवावा, म्हणजे पाण्यासाठी उठणे घडते. छपाईचे यंत्र व कचऱ्याची टोपली हाताशी नसावी. शेजारच्या दालनातील सहकाऱ्यास संदेश न धाडता दोन पावले जाऊन बोलावे. गैरसमजही कमी होतात. दूरध्वनीवर बोलताना येरझारा घालाव्यात. दहा मिनिटांच्या सल्लामसलतीस खुर्च्या मांडू नयेत. सहाव्या मजल्यावर जाणाऱ्याने चौथ्यापर्यंत लिफ्ट घ्यावी व वरचे दोन जिने चढावे. डबा मेजापासून दूर, चार जणांच्या पंगतीस खावा आणि मग शतपावली करावी. ज्यांस गुडघ्यांचा, हृदयाचा अथवा गर्भारपणाचा त्रास आहे त्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने बेताने वागावे, हे सांगणे न लगे. वरिष्ठांनीही कोणावर सक्ती करू नये. अपंग किंवा आजारी सहकाऱ्यास संकोच वाटेल असा थाटमाट तर मुळीच करू नये.

आता शेवटची व आमच्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट. कचेरीतील बसण्याचे मूळ पुष्कळदा घरात असते. मुलगा कमावता झाला की आपण त्यास उठू देत नाही. तो दमून आला, त्याला पाणी आणून द्या. त्याचे पान वाढा. त्याची बॅग उचलून ठेवा. हे प्रेम खरे आहे, आणि या प्रेमानेच त्याचे नुकसान होते. दिवसभर खुर्चीत बसलेल्या माणसास घरी आल्यावर आणखी एक खुर्ची नको असते. त्यास चार वेळा आत-बाहेर करावयास लावणे हीच त्याची खरी शुश्रूषा होय. त्याच घरातील सूनबाई अंधेरीहून त्याच वेळी, तशाच गाडीने, तशीच दिवसभर बसून दमून येते. पण तिच्यासाठी बसावयाची आज्ञा कोणी काढीत नाही. ती तडक ओट्यापाशी उभी राहते. कचेरीत तिचेही बसणे अती होते आणि घरी उभे राहणे अती होते. नवऱ्याने उठून पाने घ्यावीत, पाणी वाढावे, भांडी आवरावीत, आणि तेवढा वेळ तिने पाय पसरून बसावे, म्हणजे एकाच व्यवहारात दोघांच्याही प्रकृतीस आराम पडेल. हा उपदेश सासूबाईंच्या तोंडून आला तर तो डॉक्टरांच्या चिठ्ठीपेक्षा अधिक लागू पडेल, अशी आमची खात्री आहे.

घरी बसून कचेरीचे काम करणाऱ्यांची संख्याही करोनाच्या साथीपासून, म्हणजे २०२० पासून, वाढली आहे. त्यांच्या बाबतीत तर स्टेशनापर्यंतचे चालणेही गेले. अशा मुलासुनांना आजोबांनी दर तासास काही तरी निमित्त काढून हाक मारावी. कधी दाराशी आलेले पत्र घ्यावयास, कधी तुळशीला पाणी घालावयास, कधी खाली वाण्याकडे जावयास. एकत्र कुटुंबात माणसाला निवांतपणे बसू देत नाहीत, अशी एक जुनी तक्रार आहे. ह्या एका बाबतीत तरी ती तक्रार म्हणजे कुटुंबाचा गुणच समजावा. हा लेख वाचून झाला असेल, तर वाचकांनी तो पुढच्या माणसास स्वतः उठून नेऊन द्यावा.